सईची पिचकारी, तुझे पाढे

ताई,

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुला पोहोचवून घाटावरून आलो, आंघोळ केली, टॉवेल अजून खांद्यावरच होता, आणि अनघा हळूच म्हणाली, "सईचं धुणं राहिलंय." माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई करेल ना." बाहेरच्या खोलीत शेजारपाजारचे लोक सतरंजीवर बसले होते. सगळ्यांनी ऐकलं. मग मी टॉवेल दोरीवर टाकला, तू शिकवलंस तसे नखांपर्यंत हात धुतले आणि तुझा तो स्टीलचा डबा उघडला.

आपल्या घरात धुणं म्हणजे कपड्यांचं नव्हे, सईच्या मूत्राशयाचं, हे त्या सतरंजीवरच्या लोकांना काय माहीत. नळी, मिठाचं निर्जंतुक पाणी आणि मोठी पिचकारी. बेंबीतल्या बारीक छिद्रातून नळी आत सरकवायची, पिचकारीने पाणी सोडायचं, परत ओढायचं, त्याबरोबर जो बुळबुळीत स्राव येतो तो वाडग्यात टाकायचा, पुन्हा पाणी सोडायचं. स्वच्छ येईपर्यंत. तू हे रोज सकाळी करायचीस, कुणी फुलवाती वळाव्यात तितक्या सहज. मला ते छिद्र सापडेना, शेवटी नळी सईनेच धरली. त्या दिवसापासून मी घाबरलेलाच आहे, ताई. तू असतीस तर म्हणाली असतीस, त्यात नवीन ते काय.

खरंच नवीन काही नाही. कऱ्हाडला नदीवर तू मला पोहायला शिकवत होतीस तेव्हा मी तुझ्या गळ्याला अशी मिठी मारली होती की दोघंही बुडायची वेळ आली. "भित्री भागूबाई आहेस नुसती," तू तेव्हा म्हणालीस, आणि नंतर जन्मभर म्हणत राहिलीस. माझ्या लग्नात अनघासमोर म्हणालीस. दिल्लीला बदली झाली आणि मी रडकुंडीला आलो तेव्हा म्हणालीस. मंत्रालयातल्या माझ्या साहेबांसमोरही एकदा म्हणालीस, ते बिचारे आग्र्याचे, त्यांना वाटलं हे माझं लाडाचं नाव आहे.

पण सई जन्मली तेव्हा नाही म्हणालीस. पाठीच्या कण्यात फट घेऊन आलेली पोर. स्पायना बिफिडा, डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी फोनवर तुला तो शब्दसुद्धा धड सांगू शकलो नाही. पाठ शिवून घेतली लगेच. पुढे हळूहळू कळत गेलं की तिचे पाय निम्मं ऐकतात आणि मूत्राशय अजिबात ऐकत नाही. ते भरतं, घट्ट होतं, पण रिकामं होत नाही, आणि सगळा ताण वर मूत्रपिंडांवर जातो. म्हणून ठरावीक वेळाने नळी घालून लघवी काढायची. आणि ती थोडी मोठी झाल्यावर, मूत्रपिंडं वाचवायची म्हणून, आतड्याचा एक तुकडा लावून ती पिशवीच मोठी केली, आणि नळी घालायला बेंबीतून वाट काढून दिली. आतडं बिचारं आपला धर्म सोडत नाही. कुठेही नेऊन जोडा, ते चिकट स्राव सोडतच राहतं. तो तळाशी साचतो, त्याच्यावर क्षार बसतात, आणि त्याचा खडा होतो.

त्या ऑपरेशनच्या वेळी तू महिनाभरासाठी आलीस. शाळेतून गणित शिकवून नुकती निवृत्त झालेली, एका हातात भाजणीचा डबा, दुसऱ्या हातात कारळ्याच्या चटणीचा. परत गेलीच नाहीस. दिल्लीची थंडी, दिल्लीची हवा आणि दिल्लीचं हिंदी, तिन्हींना तू नावं ठेवलीस. भाजीवाल्याला "भैया, ये भेंडी निबर है" असं सांगायचीस आणि तो नुसता बघत राहायचा. परवा तो गेटवर मला भेटला. तुझी बातमी त्याला कळली नव्हती. म्हणाला, "आंटी को बोलना, आज निबर नहीं है." मी हो म्हणालो आणि भेंडी घेऊन आलो. ती अजून फ्रीजमध्ये तशीच आहे.

पहिला खडा सापडला तो दिवस आठवतो? नेहमीची तपासणी होती. सोनोग्राफीच्या खोलीतून डॉक्टर मॅडम बाहेर आल्या, आपल्याला बाजूला घेतलं. सई बाकावर बसून बिस्किटं खात होती. मी विचारलं, हिला दुखलं कसं नाही? त्या म्हणाल्या, "यही तो मुश्किल है, इन बच्चों को दर्द पता ही नहीं चलता." आजोबांना मूतखडा झाला होता तेव्हा ते अंगणात गडाबडा लोळत होते, अख्खी आळी गोळा झाली होती. आणि ही पोरगी पोटात चिंचोक्याएवढा खडा घेऊन आदल्या दिवशी तुझ्याशी कॅरम खेळत होती, वर राणीही तिनेच घेतली होती. मी मॅडमना तेच पुन्हा विचारलं. तू मात्र तिच्या फ्रॉकवरचा बिस्किटाचा चुरा झटकत म्हणालीस, "ज्याचं दुखतं त्याचं नशीब म्हणायचं, नंद्या. ओरडता तरी येतं."

पोटावर छोटासा छेद देऊन तो खडा काढला. सईने बाटलीत घालून शाळेत नेला, वर्गाला दाखवला, व्हॅनच्या ड्रायव्हरलाही दाखवला. तिला त्याचा अभिमान, आणि मी ती बाटली असलेलं कपाट उघडायचंच टाळायचो. कारण मॅडमनी सांगून ठेवलं होतं की एकदा झाला तो पुन्हा होऊ शकतो. रोज धुवा, सावकाश धुवा, घाई करू नका, पाणी भरपूर पाजा, बाकी आपल्या हातात फारसं नाही.

सावकाश म्हणजे किती, हे तू ठरवलंस. एका पिचकारीला एक पाढा. पाढा सुरू झाला की दट्ट्या हळूहळू दाबायचा, दाहेपर्यंत पाणी आत. मग "डावीकडे झुक, उजवीकडे झुक", कारण आमटीचं पातेलं न ढवळता ओतलं तर डाळ तळाशीच राहते, हे तुझं शास्त्र. मग पुढचा पाढा म्हणत ओढायचं. दिल्लीत वाढलेली पोर, तिला साठच्या पुढे मराठी आकडे म्हणजे अंधारच. "आत्या यार, उनतीस तिया सतासी, चलेगा ना?" तू पिचकारी तिथेच थांबवायचीस. हिंदीत धुतलं तर निम्मंच निघतं, असं तू तिला गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतंस, आणि तिने ते बरेच दिवस खरं मानलं. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी आलं की पिचकारी पुढे सरकायची.

आणि धुण्याआधी तुझे प्रश्न. लघवीला वास येतोय का? रंग कसाय? मध्येच कपडे ओले झाले का? अंग तापल्यासारखं वाटतंय का? सई वैतागायची, रोज रोज काय तेच ते. तू म्हणायचीस, "तुझं अंग सांगत नाही ना बाळा, मग आपण विचारायचं. रोज विचारायचं." हे वाक्य मी स्वयंपाकघरात चहा गाळताना इतकेदा ऐकलं की मला ते ऐकू येईनासं झालं होतं. आता रोज ऐकू येतं.

फुग्यांवरून तू सोसायटीत दहशत बसवली होतीस, तेही सांगायला हवं. या मुलांना रबराची ॲलर्जी होऊ शकते, श्वास कोंडू शकतो, हे डॉक्टरांनी एकदा सांगितलं आणि तू ते कायमचं पदराला बांधलंस. सईच्या वाढदिवसाला वरच्या मजल्यावरच्या आंटी मोठ्या हौसेने फुग्यांचा गुच्छ घेऊन आल्या. मी चाचरत काहीतरी पुटपुटत होतो, त्यांना वाईट वाटेल म्हणून. तू त्यांना दारातच थांबवलंस, फुगा फोडायचा नाही, फोडला तर भुकटी उडते, असं तुझ्या हिंदीत ठणकावलंस आणि तो गुच्छ त्यांच्याच हातून खाली पाठवून दिलास. मग त्यांना आत बसवून श्रीखंड वाढलंस. त्या जाताना तुझ्याशी गळाभेट घेऊन गेल्या. मला हे कधी जमलं नसतं.

आणि पानिपत. काला अंबला, लढाईच्या त्या स्मारकाला, जायचं हे तुझ्या डोक्यात दिल्लीत पाऊल ठेवल्यापासून होतं. संक्रांतीला इथली मराठी मंडळी बस करून जातात, दरवर्षी तू विचारायचीस, दरवर्षी मी नाट लावायचो. थंडी, धुकं, हायवे, बाथरूम कसली असतील, सईच्या नळीची वेळ. शेवटी या जानेवारीत तू सरळ जाहीर केलंस की तू आणि सई टॅक्सीने जाताय, ज्याला घाबरायचं असेल त्याने घरी बसून घाबरावं. अर्थात मी आलो. सई प्रवासात पाणी प्यायची नाही, गाडीत ओलं होईल म्हणून, आणि तू दर टोलनाक्याला तिच्या तोंडाला बाटली लावत होतीस. तिथे पोहोचलो तर कुठेतरी ढोल वाजत होते, फेटे बांधलेली पोरं फोटो काढत होती, आणि नेमकी तेव्हाच नळीची वेळ झाली. गाडीच्या काचांना तुझी शाल आणि माझा कोट लावला, आत तू आणि सई, बाहेर मी पहारा देत उभा. पाचच मिनिटांत दार उघडून तू बाहेर आलीस, सॅनिटायझर चोळलंस, स्मारकापाशी गेलीस, हात जोडून डोळे मिटून बराच वेळ उभी राहिलीस. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "आलो ना? आभाळ कोसळलं का?" नाही कोसळलं. परतताना सई तुझ्या मांडीवर झोपली होती आणि मला इतकं हलकं वाटत होतं की मी ड्रायव्हरला उगाचच तिळगुळ दिला, दोनदा.

आपलं भांडण मात्र तसंच राहिलं. तू म्हणायचीस, सई दहा वर्षांची झाली, तिला तिचं धुणं स्वतः करू दे. मी म्हणायचो, लहान आहे, घाई करेल, हात नीट धुणार नाही, इन्फेक्शन झालं तर, खडा झाला तर. तू म्हणायचीस, उद्या कॉलेजला जाईल, तिकडे मुनिरकाला खोली घेऊन राहील, तेव्हा तू मागे मागे पिचकारी घेऊन जाणार आहेस का? मी म्हणायचो, बघू तेव्हाचं तेव्हा. शेवटच्या आठवड्यात जेवताना पुन्हा हेच निघालं. मी चिडून म्हणालो, "तिला काही झालं तर?"

"आणि मला काही झालं तर?" तू म्हणालीस.

"तुला काय होतंय, धडधाकट आहेस."

तू हसलीस आणि भाताला आमटी घेतलीस.

ताई, आता मी तुझ्यावर चिडणार आहे, तेव्हा ऐकून घे. त्या सकाळी तू छाती चोळत होतीस. अनघाने ऑफिसची कॅब पकडायच्या आधी विचारलं, तर तू म्हणालीस गॅस झालाय. ओवा चावलास, वर गरम पाणी प्यायलीस. मग सईचं धुणं केलंस, सगळं, शेवटच्या पाढ्यापर्यंत. वाडगा विसळलास, नॅपकिन वाळत घातलास आणि बाल्कनीतल्या खुर्चीत जाऊन बसलीस. मी चहा घेऊन आलो तोवर संपलं होतं. नंतर डॉक्टर म्हणाले, त्रास आधीपासून होत असणार. म्हणजे तुझं अंग सांगत होतं! त्या पोरीचं मुकं अंग तू रोज चार-चार प्रश्न विचारून बोलतं केलंस, आणि तुझं स्वतःचं ओरडून सांगत होतं तर त्याला ओवा चारलास. ही कुठली रीत? मला हे कुणाला तरी विचारायचंय, आणि विचारायचं तर तुलाच, आणि तू तर निघून गेलीस.

तेव्हापासून धुणं माझ्याकडे. अनघा पहाटेच गुरुग्रामला निघते, संध्याकाळच्या नळ्या ती बघते, सकाळची पिचकारी माझी. पाढा मी भरभर म्हणतो, कारण मला ते लवकर संपायला हवं असतं. वाडग्यातलं पाणी मी खिडकीशी नेऊन बघत राहतो, वाळूसारखं काही दिसतंय का. कधी दिसतं, कधी भास होतो. ऑफिसात फाईल उघडली की तोच वाडगा डोळ्यांसमोर. तुझ्या तेराव्याला ताट वाढताना माझ्या मनात एकच होतं, ताई, आणि ते तू नव्हतीस. मी विचार करत होतो की सकाळी शेवटची पिचकारी स्वच्छ आली होती का.

तपासणीची तारीख आधीच घेतलेली होती, तूच घेतली होतीस. मी सईला घेऊन गेलो. त्याच बाकावर बसलो. मॅडमनी तू कुठे आहेस विचारलं. मी सांगितलं, तर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग यंत्र फिरवलं, आणि एका जागी ते थांबलं, आणि मला कळलं.

खडा आहे, ताई.

हे तुला सांगावं की नाही यावर मी खूप दिवस घालवले. मेलेल्या माणसाला कसलं सांगायचं आणि कसलं लपवायचं, पण मी लपवतच होतो. तिथे मला एवढंच बोलता आलं की मी केलं हे, माझ्या हाताने झालं, बहीण होती तोवर नव्हतं. मॅडमनी मान हलवली. म्हणाल्या, "इतने दिनों में इतना नहीं बनता. ये पहले से है." तू असतानाच तो तिथे होता. तू पाढे म्हणत होतीस, डावीकडे-उजवीकडे झुकवत होतीस, सत्त्याऐंशीसाठी पिचकारी थांबवत होतीस, आणि तो तळाशी बसून वाढत होता. कुणाच्या चुकीने नव्हे, त्या म्हणाल्या. काही मुलांना होतोच. उलट रोज धुतलं नसतं तर कधीच झाला असता, आणि मोठा. छोटा आहे, मूत्रपिंडं छान आहेत, यावेळी दुर्बिणीने निघेल.

मला हायसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली. इतके दिवस मला वाटत होतं की माझा हात वाईट आणि तुझा हात चांगला. माझा सुधारला की झालं. आता कळलं की तुझ्यासारख्या हातालाही तो चुकवून गेला. मग माझ्यासारख्याने काय करायचं? आणि तरी, ताई, मला बरंही वाटलं की हे तुला कळलं नाही. तू स्वतःला खाल्लं असतंस. तू इतकी वर्षं तिची मूत्रपिंडं जपलीस, ते मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवून मला दाखवलं, दोन्ही, नितळ. ते तुझं काम आहे. मी तुला हे कधी म्हटलं नव्हतं. तू म्हणू दिलं नसतंस.

उद्या ऑपरेशन आहे. पाच-सहा वेळा सांगून झालंय सगळ्यांना, रबराचे हातमोजे नकोत, रबराची नळी नको. तुझ्याइतकं ठणकावता आलं नाही, पण सांगितलं. नर्स शेवटी म्हणाली, हो सर, लिहिलंय मोठ्या अक्षरात.

आज सकाळी मी डबा उघडला, पाणी भरलं, नळी घेतली, आणि माझा हात असा हलायला लागला की पाणी सांडलं. सईने माझ्या हातातून पिचकारी काढून घेतली. रागाने नाही, जशी तू माझ्या हातातून विळी काढून घ्यायचीस तशी. हात तिने आधीच धुतले होते, नखांपर्यंत. मी नको म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तिने नळी आत सरकवली होती, आणि पिचकारी लावून ती थांबली होती. माझ्याकडे बघत होती.

"बाबा, छातीत दुखतंय का तुझ्या?"

"नाही गं."

"खरं सांग. आत्याने पण नाही म्हटलं होतं. हात दुखतो? घाम येतो? तुझं अंग सांगतं ना, मग तू सांगायचं. मी रोज विचारणार आहे."

ती खरंच थांबली होती, ताई. पिचकारी तशीच धरून, उत्तर आल्याशिवाय पुढे जाणार नाही अशी. मी म्हणालो, दुखत नाही, शप्पथ. पण भीती वाटते. उद्याची, आणि नंतरची, सगळ्याची फार भीती वाटते.

तिने मान डोलावली, नोंद घेतल्यासारखी.

"अच्छा," ती म्हणाली, "मग पाढा तू म्हण. हळू."

मी एकोणतीसचा सुरू केला. तिने दट्ट्या दाबायला घेतला. त्रिकला अडलो, पुढचा आकडा निघेना. तिने पिचकारी थांबवली, आणि तो येईपर्यंत वाट बघत राहिली.